दोन सूत

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
माझा समुद्र टँकरनं आणला होता.
चार टँकर. ड्रायव्हर म्हणाला, कळंब्याचं पाणी हाय,
पिऊन बघा.
प्यालो. गोडं होतं.

मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, वर छत्री धरली.
वहीवाली मुलगी दर तासाला यायची:
काका, हे असंच होतं ना?
साधारण, म्हणायचो मी.
उद्यमनगरात गेट आणि ग्रिल करतो मी, अठरा वर्षं.
एक सूत फरक वेल्डिंगनं भरून निघतो.
दोन सूत झाला की कडी बसत नाही.
हे तिला सांगितलं. तिनं वहीत लिहिलं
आणि पुढं नटाच्या तोंडी घातलं, भलत्याच ठिकाणी.

टगवर मी फिटर. भिवा मायनाक खलाशी, देवगडकडचा.
टग बुडाली आणि एका तराफ्यावर दोघं, सहा दिवस.
सहाचे त्यांनी चार केले, जाहिराती बसवायच्या होत्या.
आणि एक मासा घातला, मोठ्या जबड्याचा.
म्हटलं, साहेब, मासा नव्हता. कंटाळा होता.
दुपारी दोनपासून उन्हं कलेपर्यंत नुसता कंटाळा,
मरणाची भीतीसुद्धा त्याच्यापुढं दमून झोपते.
ते हसले.
कंटाळा कसा दाखवणार, चौगले?

माझं काम करणारा पोरगा शाहूपुरीतला, जिमवाला.
त्याच्या बरगड्या तपकिरी रंगानं काढल्या होत्या.
पोहायला येत नव्हतं त्याला.
कमरेएवढ्या पाण्यात पाय घसरला आणि त्यानं दोरी धरली,
मनगटाला दोन वेढे देऊन, गच्च.
कुणी शिकवलं नव्हतं.
तेवढं एक बरोब्बर होतं.
खुर्चीत बसल्या बसल्या माझं मनगट गरम झालं.
दिग्दर्शक म्हणाले, कट,
आणि तेवढंच काढून टाकलं.

भाग लागला त्या रात्री गल्लीतल्या सगळ्या टीव्हींतून
एकदम मीच ओरडत होतो.
मी ओरडलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली,
मग खुणाच.
दूध कट्ट्यावर लोक ग्लास पुढं करायचे,
मासा केवढा होता ओ?
एकदा मी हात पसरले.
एवढा.
लई वाईट वाटलं. पण हात पसरलेच होते.
आता डोळे मिटले की तो पोरगाच दिसतो तराफ्यावर,
मी कुठं बसलो होतो ते आठवावं लागतं.

टीव्हीत भिवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला.
'सुलूला सांग' म्हणाला, मागं बासरी.
आमच्या घरात सगळे रडले. मीही.

आठ दिवसांनी फोन आला. देवगडहून.
"भाऊ, मी मायनाकांच्या घरातली.
ह्येंनी जल्मात माझा नाव घेतल्यानी नाय.
खरा काय ता सांगा."

शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. पोराला हातानं थांबवलं.
हे मी वहीत लिहू दिलं नव्हतं.
चारी बाजूंनी पाणी असताना
माणूस जाता जाता आंघोळीचं बोलला,
हे कुणाला सांगायचं?
वहिनी, म्हटलं, पाचव्या दिवशी पहाटे
तो बसल्या बसल्या जागा झाला.
'पाणी तापला काय गो?' म्हणाला.
दोनदा विचारलं.
मी खरं ते सांगितलं. नाही म्हणालो.

पलीकडे कोंबडी ओरडली कुठंतरी.
कुणाच्या तरी बादलीची कडी वाजली.
मग ती म्हणाली,
"तापला म्हणान सांगूचा व्हता, भाऊ."

फोन कधीच बंद झाला होता.
मी कानाला धरून उभा.
पोरगं टेप ओढून वाट बघत होतं,
मामा, किती कापू?